थंड हवेचे भाडे कोणी द्यायचे?

देशात १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या चालककक्षात वातानुकूलन यंत्रणा असणे बंधनकारक झाले आहे. साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या ट्रकना हा नियम लागू आहे. त्याची अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्येच निघाली होती. खर्च वाढेल या कारणाने काहींनी या कल्पनेला पूर्वी विरोध केला होता, असे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी जाहीरपणे सांगितले होते. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दिवसाचे बारा-चौदा तास गाडी हाकणाऱ्या माणसाला थंड हवा मिळणे ही चैन नव्हे, ही भूमिका शासनाने कायद्याच्या भाषेत मान्य केली, हे या नियमाचे महत्त्व.

हैदराबादच्या टॅक्सीचालकांची गोष्ट मात्र नेमकी उलटी आहे. त्यांच्या गाडीत एसी पहिल्या दिवसापासून आहे. गाडीच्या किमतीत त्याचे पैसे गेले आहेत आणि कर्जाच्या हप्त्यात ते अजूनही जात आहेत. तरीही मार्च २०२२, एप्रिल २०२४ आणि मार्च २०२५ असे तीनदा तेथील ॲप टॅक्सीचालकांनी एसी न लावण्याचे जाहीर आंदोलन पुकारले. वृत्तपत्रांनी त्याला ‘नो एसी’ हे चालकांनीच दिलेले नाव कायम ठेवले. (‘वातानुकूलनबंदी’ हा शब्द एका स्तंभाच्या मथळ्यात मावत नाही, हे उपसंपादकाचे दुःख वेगळेच.) यंत्र आहे, ते चालू स्थितीत आहे, बाहेर ऊन आहे, आत गिऱ्हाईक आहे आणि तरीही बटण बंद आहे. हे का घडते, याचा हिशेब गोव्यातील वाचकाने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. ॲपवरील टॅक्सी हवी की नको, या वादात आपल्याकडे हैदराबाद-बंगळुरूच्या भाड्याचे दाखले सतत दिले जातात. ते भाडे स्वस्त कसे राहते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी काचीगुडा स्थानकाइतकी चांगली जागा नाही. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत १९१६ मध्ये बांधलेली ही घुमटांची इमारत एकेकाळी निजामाच्या रेल्वेचे मुख्य ठाणे होती. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि नांदेड-परभणीच्या माणसाची राजधानी गाठण्याची वाट या रेल्वेवरूनच जात असे. राज्ये बदलली तरी ती वाट बंद झाली नाही. नांदेड, परभणी, अकोल्याकडून येणाऱ्या गाड्यांतून दवाखान्याच्या, शिक्षणाच्या, लग्नकार्याच्या निमित्ताने मराठी माणसे आजही येथे उतरतात. सप्टेंबर २०२३ पासून बंगळुरूच्या यशवंतपूरला जाणारी वंदे भारत एक्स्प्रेसही येथूनच सुटते.

या फलाटावर थंड हवेला दर आहे. शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणी यांच्या तिकिटांत मोठा फरक असतो. वातानुकूलित श्रेणीवर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागतो, शयनयानावर लागत नाही. ज्याला परवडते तो एसीचे तिकीट काढतो, ज्याला नाही तो खिडकी उघडून बसतो. कोणी कोणावर रागावत नाही. बसचेही तेच. साधी बस वेगळी, वातानुकूलित बस वेगळी आणि तिकीटही वेगळे. आपल्या कदंबच्या प्रवाशांनाही हे ठाऊक आहे. स्थानकाबाहेर येऊन मोबाइलवर टॅक्सी मागविली की हा सरळ व्यवहार संपतो. ॲपवर एक आकडा दिसतो. त्यात थंड हवा धरली आहे की नाही, हे प्रवाशाला वेगळे सांगितलेले नसते. प्रवासी ती धरलेली आहे असे मानतो, चालक धरलेली नाही असे म्हणतो, आणि ज्या कंपनीने तो आकडा ठरविला ती त्या गाडीत बसलेली नसते.

तीनही आंदोलनांची वेळ पाहण्यासारखी आहे. गोव्यासह पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांचे निकाल १० मार्च २०२२ रोजी लागले. नोव्हेंबरपासून स्थिर असलेले इंधनाचे दर २२ मार्चपासून वाढू लागले आणि सुमारे दोन आठवड्यांत लिटरमागे दहा रुपयांची वाढ झाली. महिना संपण्यापूर्वी हैदराबादचे चालक एसी बंद करून मोकळे झाले. त्या उन्हाळ्यात दिल्ली आणि कोलकात्यातही हेच घडले. एप्रिल २०२४ मध्ये इंधनाचा भडका नव्हता, उलट महिन्यापूर्वीच लिटरमागे दोन रुपयांची कपात झाली होती. तरीही तेलंगणातील गिग व प्लॅटफॉर्म कामगारांच्या संघटनेने ८ एप्रिलपासून पुन्हा आंदोलन पुकारले. ॲप कंपन्यांकडून चालकाच्या हाती किलोमीटरला १० ते १२ रुपये पडतात, एसी लावून गाडी चालविण्याचा खर्च मात्र १६ ते १८ रुपये आहे, असा संघटनेचा दावा होता. म्हणजे तोवर तक्रार इंधनाच्या दराकडून भाड्याच्या दराकडे सरकली होती. मार्च २०२५ मध्ये ती विमानतळाच्या फेऱ्या आणि सर्व कंपन्यांना एकसारखे भाडे या मागणीपर्यंत पोहोचली.

संघटनेचे हे आकडे नीट वाचले पाहिजेत. १२ आणि १८ यांतील सहा रुपयांची तफावत एकट्या एसीची आहे, असा त्यांचा अर्थ घेतला तर तो चुकीचा ठरेल.

एसी इंधन कसे खातो? बॉनेट उघडले की इंजिनाच्या एका बाजूला, बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर दिसतो. त्याला वेगळी मोटर नाही. इंजिनच त्याला फिरविते. रेडिएटरच्या पुढे, गाडीच्या अगदी नाकाशी जाळीसारखा कंडेन्सर असतो आणि डॅशबोर्डच्या पोटात कूलिंग कॉइल. कॉम्प्रेसर वायू दाबतो, कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकतो, आणि कॉइलमध्ये तो पुन्हा पसरला की भोवतालची हवा थंड होते. पूर्ण भाराला लहान गाडीचा कॉम्प्रेसर इंजिनाकडून तीन ते पाच किलोवॉट शक्ती ओढून घेतो. मोकळ्या महामार्गावर हे जाणवत नाही. शहराच्या कोंडीत, सिग्नलला आणि स्थानकाबाहेर उभे असताना जाणवते, कारण तेव्हा इंजिन केवळ एसीसाठी चालू ठेवावे लागते. सर्वसाधारणपणे शहरात एसीमुळे इंधनाचा खर्च दहा ते वीस टक्क्यांनी वाढतो.

उदाहरण म्हणून लिटरला १८ किलोमीटरचा ॲव्हरेज देणारी एक डिझेल गाडी घेऊ. एसी लावला की तो १५ वर येतो असे धरू. डिझेल ९५-९६ रुपये लिटर असताना एसीविना किलोमीटरला सव्वापाच ते साडेपाच रुपये आणि एसीसह साडेसहाच्या आसपास खर्च येतो. फरक सुमारे एक रुपया. आता दिवसाला १०० किलोमीटरचे भाडे मिळविण्यासाठी प्रवाशापर्यंत पोहोचण्याचे आणि रिकामे परतण्याचे अंतर धरून गाडी १४० किलोमीटर धावली, तर रोजचे दीडशे रुपये आणि महिन्याच्या पंचवीस दिवसांचे साडेतीन हजारांहून अधिक होतात. एखाद्या कुटुंबाच्या किराण्याचा मोठा भाग त्यातून निघतो. मात्र किलोमीटरमागे हा एक रुपयाच आहे, सहा नव्हेत. उरलेली तफावत गाडीचा हप्ता, विमा, टायर, देखभाल, कंपनीचे कमिशन आणि स्वतः चालकाची मजुरी यांची आहे.

मग आंदोलन एसीचेच का? कारण या सगळ्या खर्चांत चालकाच्या हाताशी असलेले बटण तेवढे एकच आहे. हप्ता थांबविता येत नाही, बँक गाडी ओढून नेते. विमा टाळता येत नाही. कमिशन तर त्याच्या हाती पैसे येण्यापूर्वीच कापले जाते. मार्ग ॲप ठरविते, भाडे ॲप ठरविते, गिऱ्हाईक कोण हेही ॲपच ठरविते. ‘नो एसी’ या आंदोलनाचा खरा विषय हवा नाही, भाडे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे हा आहे. भाड्याशी भांडण कंपनीचे आणि घाम मात्र प्रवाशाचा, अशी प्रवाशाची तक्रार असते. ती खोटी नाही. पण त्या गाडीत प्रवासी अर्धा तास असतो आणि चालक दिवसभर.

प्रवाशाला ही सवय लावली कोणी, हेही विसरता कामा नये. २०१६ मध्ये ओलाने ‘मायक्रो’ ही श्रेणी आणली, ती किलोमीटरला ६ रुपये दराने, आणि तीही वातानुकूलित गाडीची. कित्येक शहरांत ते भाडे ऑटोरिक्षाहून कमी होते. तो दर गाडी चालविण्याच्या खर्चातून निघालेला नव्हता. गुंतवणूकदारांच्या पैशांतून चालकांना प्रोत्साहन रक्कम दिली जात होती आणि प्रवाशांना सवलत. चालकांनी त्या रकमांच्या भरवशावर कर्जे काढून गाड्या घेतल्या. पुढे प्रोत्साहन आटले. प्रवाशाच्या मनात मात्र स्वस्त आणि थंड गाडी हा हक्क म्हणून रुजला, तो आटला नाही. रिक्षाच्या भावात एसी मिळतो ही समजूत भारतीय शहरांत एका पिढीच्या प्रवासाचा पाया झाली. आज काचीगुड्याला गाडीची काच खाली पाहून संतापणारा प्रवासी त्याच समजुतीचा वारस आहे.

एसी बंद ठेवणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी गॅरेजमध्ये येते आणि तिची चर्चा आंदोलनाच्या बातम्यांत होत नाही.

टॅक्सी म्हणून तीन-चार वर्षे धावलेल्या गाडीचा एसी कधीतरी थंडावा देईनासा होतो. कधी कंडेन्सरला गळती लागते, कधी कॉम्प्रेसरचा क्लच जातो. नुसता गॅस भरणे परवडते, पण गळती असेल तर तो पुन्हा निघून जातो. कॉम्प्रेसर बदलायचा तर हजारोंचा खर्च. जो एसी लावणे परवडत नाही, तो दुरुस्त कशासाठी करायचा? मग मिस्त्रीला सांगून बेल्ट उतरविला जातो किंवा आखूड बेल्ट टाकून कॉम्प्रेसर वगळला जातो, आणि अखेर सगळी यंत्रणाच काढून जुन्या सुट्या भागांच्या बाजारात विकली जाते. यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर यात लाभही आहे. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, नळ्या आणि कॉइल मिळून पंधरा-वीस किलो वजन कमी होते. आजकालच्या गाड्यांत बॉनेटखाली बोट शिरायला जागा नसते. तेथे मिस्त्रीचा हात अल्टरनेटरपर्यंत, स्टार्टरपर्यंत पोहोचू लागतो. कंडेन्सर गेला की रेडिएटरला थेट वारा मिळतो. परदेशातील शर्यतीच्या गाड्यांचे हौशी लोक नेमक्या याच कारणांसाठी, मोठे इंजिन किंवा टर्बो बसविण्याची जागा हवी म्हणून, एसी काढून टाकतात. त्यांच्याकडे ती हौस असते. टॅक्सीवाला तोच पाना हाती घेतो, तेव्हा तो गाडी वेगवान करीत नसतो, तोटा कमी करीत असतो.

आपल्याकडे ही गोष्ट उलट दिशेनेही घडली आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून गोव्यात वर्षानुवर्षे धावलेल्या मारुती ओम्नीचे इंजिन पुढल्या आसनांच्या खाली असे. त्या चिंचोळ्या जागेत कॉम्प्रेसर बसविणे अवघड. शिवाय ७९६ सीसीच्या इंजिनाने आठ माणसांचे ओझे वाहायचे की एसी ओढायचा, हा प्रश्न होताच. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीलाही एसी नव्हता, आणि त्या टॅक्सीत बसलेल्या कोणी तो मागितलाही नसेल. जागा, शक्ती आणि भाडे या तिन्हींचा त्या गाड्यांपुरता मेळ होता. आता गाडीत जागा आहे, शक्ती आहे, मेळ सुटला आहे तो भाड्याचा.

काढून टाकलेल्या एसीची किंमत इतरांनाही मोजावी लागते. लहान मोटारीत साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम शीतकारक वायू असतो. भारतातील बहुसंख्य गाड्यांत तो आर-१३४ए या प्रकारचा आहे आणि त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट मानली जाते. गॅरेजमध्ये नळी सोडून तो हवेत जाऊ दिला, तर एका गाडीमागे सहाशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते, म्हणजे जवळपास २४० लिटर डिझेल जाळण्याइतके. वायू परत गोळा करण्याची यंत्रे असतात, पण रस्त्याकडेच्या गॅरेजला ती परवडत नाहीत. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताने २०४७ पर्यंत अशा वायूंचा वापर ८५ टक्क्यांनी घटविण्याचे मान्य केले आहे. करार दिल्लीत मान्य होतात, नळी गॅरेजमध्ये सुटते.

दुसरी बाब सुरक्षेची आहे आणि ती गोव्याला अधिक लागू पडते. एसीची कॉइल हवेतील ओल टिपून घेते. पावसाळ्यात पुढील काचेवर आतून धुके जमते, ते एसी लावताच काही क्षणांत उतरते. एसी नसलेल्या गाडीत चालक एका हाताने फडके फिरवीत घाट उतरतो. हैदराबादच्या कोरड्या उन्हात ही उणीव महिनाभर दिसणार नाही. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यातच दिसेल. शिवाय बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या पंख्याचे काम एसीच्या सर्किटशी जोडलेले असते. तारा अर्धवट तोडल्या तर इंजिन तापण्याची भीती राहते. आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारे फेरबदल करण्यास मालकाला मनाई करते. वातानुकूलित टॅक्सी म्हणून परवाना असलेल्या गाडीने एसी काढून धावणे हा केवळ गैरसोयीचा मामला राहत नाही.

चालकाच्या शरीराचे काय? उन्हात उभ्या गाडीचे आतील तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी वर जाते. पुढल्या भाड्याची वाट पाहणारा चालक त्या गाडीत बसलेला असतो, कारण ॲपवर आलेली फेरी काही क्षणांत स्वीकारली नाही तर ती दुसऱ्याकडे जाते. चाळीस अंशांच्या वर हवा गेली की उघड्या खिडकीतून येणारा वारा थंड करीत नाही, तापवितो. कारण आपली त्वचा त्या हवेहून थंड असते. तरीही हैदराबादच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि शरीर कसेबसे निभावते. किनारपट्टीवर पारा तेहतीस-चौतिसावरच थांबतो, पण घाम वाळत नाही. म्हणून अंश कमी दिसले तरी मे महिन्यातील म्हापसा-पणजीचा चालक हैदराबादच्या चालकाहून सुखी असेलच असे नाही. ट्रकचालकासाठी जो विचार केंद्राने केला, तो टॅक्सीचालकासाठी कोणत्याच नियमात दिसत नाही, कारण त्याच्या गाडीत एसी आधीच आहे असे गृहीत धरले आहे. तसे पाहिले तर ट्रकच्या नियमातही एसी बसविण्याची सक्ती आहे, लावण्याची नाही. फेरीला ठरावीक डिझेल मोजून देणारा मालक आणि त्यातून चार लिटर वाचवू पाहणारा चालक असेल, तर त्या नव्या केबिनच्या काचाही खालीच राहतील.

तेलंगणा सरकारने चालकांसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गिग कामगारांना पाच लाखांचे अपघात विमा संरक्षण देण्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये झाली. त्यांची नोंदणी, सामाजिक सुरक्षा व कल्याण यांसाठीच्या विधेयकाचा मसुदा एप्रिल २०२५ मध्ये पुढे आला. पण कल्याण मंडळ आणि भाडे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अपघात झाल्यावर पाच लाख मिळतील, हा दिलासा एप्रिलच्या दुपारी एसीचे बटण दाबायला पुरत नाही.

भाड्याच्या बाजूने पहिला ठोस प्रयत्न केंद्राच्या जुलै २०२५ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत दिसतो. मूळ भाडे राज्याने ठरवावे, गर्दीच्या वेळी कंपनीने त्याच्या दुपटीपर्यंत जावे, मंदीत निम्म्यापर्यंत उतरावे, आणि गाडी चालकाची स्वतःची असेल तर भाड्याचा किमान ८० टक्के भाग त्याला मिळावा, असे त्यांत म्हटले आहे. रिकाम्या धावण्याची भरपाई म्हणून किमान तीन किलोमीटरचे भाडे आकारण्याचीही तरतूद आहे. हे सारे वाचायला बरे वाटते. पण ‘निम्म्यापर्यंत’ या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. राज्याने किलोमीटरला २० रुपये मूळ भाडे ठरविले, तर कंपनी कायदेशीरपणे १० रुपये आकारू शकते आणि त्यातील ८ रुपये चालकाला देऊन मोकळी होऊ शकते. हैदराबादच्या चालकांनी १० ते १२ रुपयांवर एसी बंद केला होता. म्हणजे ज्या दराने आंदोलन पेटले, त्याहूनही कमी दर या सूचनांच्या चौकटीत बसतो.

महाराष्ट्राने येथे अधिक सावध पाऊल टाकले. मे २०२५ मधील त्याच्या धोरणात वाढ दीडपटीपर्यंत आणि सवलत २५ टक्क्यांपर्यंतच ठेवली आहे. मुंबई महानगर क्षेत्रात ॲपवरील वातानुकूलित टॅक्सीला सप्टेंबर २०२५ मध्ये किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा अंतरिम दर ठरला. २५ टक्के सवलत धरली तरी तो १७ रुपयांच्या खाली जात नाही. हैदराबादच्या संघटनेने खर्च म्हणून मांडलेला १६ ते १८ रुपयांचा आकडा येथे योगायोगाने जुळतो. कमिशन वजा जाता चालकाच्या हाती मंदीतही साडेतेरा रुपये पडतात. ते पुरेसे आहेत असे मी म्हणणार नाही. पण ८ आणि साडेतेरा यांत बटण बंद आणि बटण चालू एवढा फरक आहे. कागदावर ठरलेला दर ॲपवर उतरविण्यासाठी मात्र परिवहन खात्याला कंपन्यांच्या मागे लागावे लागते. पुण्यात १ जानेवारी २०२४ पासून वातानुकूलित टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरला, तरी तो ॲपवर दिसावा यासाठी चालकांना रस्त्यावर उतरावे लागले.

आता गोव्याकडे. येथील टॅक्सीप्रश्नाचे चित्र हैदराबादच्या अगदी उलट आहे. २०१८ मध्ये पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने ‘गोवा माइल्स’ आले, तेव्हापासून ॲपला विरोध आहे. मे २०२५ मध्ये ॲप कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा निघाला आणि टॅक्सी व्यावसायिकांच्या विरोधामुळे तो तसाच पुढे नेणे सरकारला शक्य झाले नाही. पर्यटक भाड्याच्या नावाने ओरडतात, गोमंतकीय प्रवासीही ओरडतात, आणि ते बहुतांशी बरोबर आहेत. टॅक्सीचालकांच्या सगळ्याच बचावांशी मी सहमत नाही. मीटरविना चालणारा व्यवहार कोणत्याही युक्तिवादाने योग्य ठरत नाही. पण मोपावरून शंभरेक किलोमीटरवरील काणकोणला प्रवासी सोडून रिकामी परतणारी गाडी आणि हैदराबादच्या उपनगरांत दर दोन किलोमीटरवर नवे भाडे मिळणारी गाडी यांचा हिशेब एक नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. हैदराबादेतही तो हिशेब जमत नाही, मग येथे तोच दर आणून काय होईल? पहिल्या उन्हाळ्यात काचा खाली येतील आणि पहिल्या पावसाळ्यात काचेवर धुके जमेल.

गोव्याजवळ एक जुनी चांगली सोय मात्र आहे. येथील अधिसूचित टॅक्सीदरांत वातानुकूलित आणि साधी गाडी असा भेद केलेला आहे. रेल्वेच्या तिकिटासारखा तो सरळ आहे. ॲप आले की हा भेद पुसून एकच आकडा पडद्यावर येतो, हे हैदराबादने दाखवून दिले. मसुदा पुन्हा येईल तेव्हा त्यात किती टॅक्सीचालकांची नोंदणी होणार, विमानतळावर कोणाचा काउंटर असणार, यांवर पुष्कळ बोलले जाईल. त्यासोबत तीन गोष्टी पाहाव्या लागतील. एसी लावलेल्या गाडीचा किलोमीटरचा दर स्वतंत्रपणे लिहिला आहे काय? मंदीतील सवलतीची मर्यादा केंद्राच्या ५० टक्क्यांवर ठेवली आहे की महाराष्ट्राच्या २५ टक्क्यांवर? आणि रिकाम्या परतीच्या अंतराला केवळ तीन किलोमीटर धरले आहेत, की मोपा ते काणकोण हे अंतर मसुदा लिहिणाऱ्याने एकदा तरी नकाशावर मोजले आहे?

दरम्यान सिकंदराबाद-वास्को गाडी ऑक्टोबर २०२४ पासून आठवड्यातून दोनदा धावते आहे. तिच्या वातानुकूलित डब्यांतून उतरणारा पर्यटक वास्को स्थानकाबाहेर येतो, भाडे विचारतो आणि म्हणतो, आमच्याकडे एवढ्यात अर्धे शहर फिरता येते. येथला टॅक्सीवाला त्याला काय उत्तर देतो हे आपल्याला पाठ आहे. त्याने एकदा उलट विचारून पाहावे, की तुमच्याकडे एवढ्यात एसी लावतात का?